कोणाच्या भुंकण्यावर उठायचं?

अंजूरफाट्यावरून आत वळलं की भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट मागे पडतो आणि गोडाऊनं सुरू होतात. अंजूर, माणकोली, दापोडे, काल्हेर, एकामागून एक पत्र्याच्या उंच शेडा. तुम्ही फोनवर बोट दाबून मागवलेला मिक्सर बहुधा यातल्याच एखाद्या गाळ्यातून निघालेला असतो. प्रत्येक कंपाउंडला एक वॉचमन, आणि प्रत्येक वॉचमनच्या खुर्चीखाली एक कुत्रं.

एका रात्री तिथं गाडी पंक्चर झाली म्हणून तासभर अडकलो होतो. दीड वाजला असेल. एक कुत्रं भुंकलं, शेजारच्यानं साथ दिली, आणि बघता बघता पार खाडीच्या अंगापर्यंत सगळा मुलूख भुंकायला लागला. वॉचमन काका जागचे हलले नाहीत. तंबाखू मळता मळता म्हणाले, "तो भुऱ्या आहे भाऊ. पान हललं तरी भुंकतो. पलीकडची काळी भुंकली ना, की मग उठायचं."

थोड्या वेळानं काळी भुंकली. काका बॅटरी घेऊन खरंच उठले. निघालं मांजर, पण ते जाऊ द्या. माझ्या डोक्यात घोळत राहिली ती काकांची मनातली वही. कुठल्या कुत्र्याला किती मार्क, याचा हिशेब त्यांनी कधी कागदावर मांडला नसेल. संगणकशास्त्रात मात्र गेली वीसएक वर्षं नेमका हाच हिशेब कागदावर मांडायचं काम चालू आहे.

संगणकांच्या जाळ्यातही अशीच राखणदार कुत्री बांधलेली असतात. घुसखोरी हुडकणाऱ्या यंत्रणा म्हणा. १९८० मध्ये जेम्स अँडरसन या अमेरिकी तज्ज्ञानं एका अहवालात ही कल्पना मांडली, आणि १९८७ मध्ये डोरोथी डेनिंग यांनी तिला पद्धतशीर आराखडा दिला. ढोबळमानानं यांच्या दोन जाती. एक जात चोरांचे चेहरे पाठ करते: अमुक व्हायरसची अमुक खूण दिसली की भुंक. दुसरी जात घराची रीत पाठ करते: रोज सकाळी दहाला येणारा हिशेबनीस आज पहाटे तीनला आला आणि येताच चारशे फायली उचलू लागला, म्हणजे काहीतरी बिनसलंय.

रीत पाठ असण्याचा फायदा किती, त्याचा एक किस्सा सांगितल्यावाचून राहवत नाही. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या बिलात ७५ सेंटचा फरक आला. एक डॉलरसुद्धा नाही. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला तो फरक शोधायला बसवलं, आणि गडी तो धागा धरून थेट जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत पोचला. तिथला एक हॅकर अमेरिकी लष्करी संगणकांत शिरून मिळालेला माल सोव्हिएत केजीबीला विकत होता. आपल्याकडच्या जुन्या मुनीमजींना यात नवल वाटलं नसतं. आणा जुळला नाही तर दिवा मालवायचा नाही, ही त्यांची शिस्तच होती.

आता एक छोटं गणित. एखाद्या मोठ्या कंपनीच्या जाळ्यात दिवसाला दहा लाख घडामोडी होतात असं धरू. त्यातल्या दहा खरोखर घुसखोराच्या. आपलं कुत्रं हुशार आहे, शंभरातले नव्याण्णव चोर ओळखतं आणि शंभर सभ्य माणसांतल्या एकावरच चुकून भुंकतं. ऐकायला उत्तम. पण हिशेब करा. दहापैकी बहुतेक सगळे चोर सापडतात खरे, पण उरलेल्या जवळजवळ दहा लाखांच्या एक टक्का म्हणजे दहा हजार वेळा ते उगाच भुंकतं. हजार भुंकण्यांत एक खरं. पहाऱ्यावरचा माणूस तिसऱ्या दिवशी कानात बोळे घालतो. स्टेफान अ‍ॅक्सेलसन या स्वीडिश संशोधकानं १९९९ मध्ये हे दाखवून दिलं: नुसती चोर ओळखण्याची हुशारी वाढवून भागत नाही, उगाच भुंकणं कमी व्हायला हवं.

मग करायचं काय? शेजाऱ्याला विचारायचं. माझं कुत्रं ज्या पाहुण्यावर भुंकलं त्याच्यावर शेजारच्या गाळ्याचंही भुंकलं तरच उठायचं असं ठरवलं, तर दहा हजार खोट्या हाकांचे शंभर होतात. तिसऱ्या शेजाऱ्याचीही साक्ष काढली की शंभराचा एक. दहा हजारांवरून एकावर! आणि खरे चोर? दहातले साडेनऊच्या वर तरीही सापडतात. हे गणित पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा मी आकडे दोनदा तपासले होते. एकट्याची बुद्धी वाढवून जे साधत नाही ते तेवढ्याच बुद्धीच्या तीन शेजाऱ्यांनी एकमेकांना हाक मारून साधतं.

यात एक मेख आहे. तिन्ही कुत्री एकाच विणीतली असतील तर तिघंही एकाच पानावर भुंकतील, आणि साक्षीला काही अर्थ उरणार नाही. म्हणजे साक्षीदार स्वतंत्र हवेत. सगळ्यांनी एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं असेल तर शेजार असून नसल्यासारखा.

शेजाऱ्याला विचारण्याची गरज का पडते, हे पुण्यापेक्षा कोणाला चांगलं ठाऊक असणार? ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. तिथल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत घुसखोर शिरले होते. पैसे काढण्याची विनंती बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचायच्या आधीच मधे बसवलेली तोतया यंत्रणा तिला होकार देत होती. दोन-सव्वादोन तासांत २८ देशांतल्या एटीएममधून, आणि थोडे भारतातूनही, मिळून ऐंशी कोटींच्या घरात रुपये निघाले. १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून हाँगकाँगला वळते झाले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

यातल्या एका एटीएमच्या जागी स्वतःला उभं करून बघा. कोणीतरी आला, कार्ड घातलं, पिन दाबला, पैसे घेऊन गेला. त्यात भुंकण्यासारखं काय आहे? प्रत्येक यंत्रानं एकेक पान पाहिलं, अख्खं झाड कोणालाच दिसलं नाही. याहून चटका लावणारी गोष्ट म्हणजे आदल्या दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयनं बँकांना गुप्त इशारा पाठवला होता: येत्या काही दिवसांत जगभरच्या एटीएमवर मोठी धाड पडण्याची शक्यता आहे. म्हणजे कुठलंतरी कुत्रं भुंकलं होतं.

आदल्या वर्षी आणखी एक धडा मिळाला होता, तो तर भिवंडीच्या गोडाऊनांच्या पोटावर येणारा. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या नावाचा विषाणू सुटला, मेर्स्क या जहाज कंपनीचे संगणक त्यात आडवे झाले, आणि न्हावाशेवा बंदरातलं त्यांच्या समूहाचं कंटेनर टर्मिनल ठप्प पडलं. कुठं युक्रेन, कुठं उरण.

तर शेजार हवा. पण शेजाऱ्यानं उत्तर का द्यावं? इथून खेळाचं शास्त्र, म्हणजे गेम थिअरी, सुरू होतं.

तुमच्या यंत्रणेनं मला विचारलं, 'हा पत्ता संशयास्पद वाटतो, तुझ्याकडे आला होता का?' उत्तर द्यायचं तर माझ्या संगणकाचा वेळ जाणार. शिवाय 'हो, आला होता आणि दोन दिवस मुक्कामही करून गेला' असं सांगावं लागलं तर माझीच अब्रू जाणार. गप्प बसलो तर माझं काहीच जात नाही, आणि माझ्या प्रश्नांना तुम्ही उत्तरं देत राहिलात तर फुकटात फायदा. तुम्हीही असाच विचार करता. दोघंही शहाणे, दोघंही गप्प, आणि चोर दोघांकडेही. १९५० च्या सुमाराला अमेरिकेत रँड संस्थेत मांडला गेलेला हा पेच कैद्यांचा पेच म्हणून जगप्रसिद्ध आहे. आपल्याकडे गृहनिर्माण सोसायटीच्या पाण्याच्या मीटरवर तो रोज पाहायला मिळतो.

एकदाच भेटायचं असेल तर या पेचाला उतारा नाही. पण पुन्हा पुन्हा भेटायचं असेल तर? १९८० मध्ये रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञानं यावर संगणकांची स्पर्धाच भरवली. तज्ज्ञांनी चौदा डावपेच पाठवले, काही भलतेच गुंतागुंतीचे. जिंकला सगळ्यात आखूड. अनातोल रॅपपोर्टनं पाठवलेला 'जशास तसे': पहिल्यांदा चांगलं वाग, मग समोरचा मागच्या वेळी जसा वागला तसं वाग. निकाल जाहीर करून दुसरी स्पर्धा भरवली, या वेळी साठाहून जास्त डावपेच आले, सगळ्यांना जिंकणाऱ्याचं गुपित माहीत. तरी पुन्हा जिंकला तोच.

आपल्या शेतकऱ्यांची सावड याच तत्त्वावर चालते. आज तुझ्या शेतात माझे बैल, उद्या माझ्या शेतात तुझे. ज्याचे बैल ऐनवेळी 'लंगडतात' त्याच्या पेरणीला पुढच्या खेपेला कोणी फिरकत नाही. कायदा नाही, दंड नाही, तरी चालते. २०१२ मध्ये कॅरल फंग, क्वानयान झू, रऊफ बुताबा आणि तामेर बाशार या चौघांनी गायडेक्स नावाची रचना मांडली, ती संगणकांची सावडच म्हणायची. प्रत्येक यंत्रणेकडे उत्तरं देण्याची ताकद मर्यादित. ती ताकद शेजाऱ्यांत वाटायची कशी? ज्यानं मला जितकी मदत केली त्याच्या प्रमाणात. फुकट्याच्या वाट्याला कमी येतं, उदाराच्या वाट्याला जास्त. आणि गणितानं असं सिद्ध होतं की सगळे स्वतःचाच फायदा बघत राहिले तरी हा वाटप-खेळ एका समतोलाला येऊन स्थिरावतो, जिथं एकट्यानं धोरण बदलून कोणाचाच लाभ वाढत नाही. जॉन नॅशनं १९५० मध्ये दाखवलेला समतोल तो हाच. साधुसंतांची वाट बघावी लागत नाही, स्वार्थी माणसांचाही शेजार उभा राहतो.

उत्तर मिळालं. ते खरं कशावरून? इथं काकांची वही लागते.

मराठीत तिला फार चांगला शब्द आहे: पत. इंग्रजीतल्या 'रेप्युटेशन' आणि 'क्रेडिट' या शब्दांपेक्षा तो जास्त नेमका, कारण पतीत दोन्ही येतात. पतपेढी, पतसंस्था, बाजारातली पत. पत मोजायचं एक साधं सूत्र २००२ मध्ये ऑडुन योसांग आणि रोस्लान इस्माईल यांनी मांडलं. शेजाऱ्याची खरी ठरलेली उत्तरं मोजा, त्यात एक मिळवा. खरीखोटी सगळी मिळून किती ते मोजा, त्यात दोन मिळवा. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. नवा शेजारी, एकही उत्तर नाही: एक भागिले दोन, म्हणजे अर्धी पत. ना विश्वास, ना अविश्वास. आठ उत्तरं, आठही बरोबर: नऊ दशांश. शंभरातली अठ्ठ्याण्णव बरोबर: ९७ टक्के. आठापैकी आठ मिळवणाऱ्यापेक्षा शंभरात दोनदा चुकणाऱ्याची पत जास्त! आपणही तसंच करतो. लग्नाच्या जेवणाचं कंत्राट पहिल्याच आठ पंगती उत्तम वाढणाऱ्यापेक्षा वीस वर्षांत दोनदा मीठ विसरलेल्या आचाऱ्याला देतो.

पण उत्तर खरं होतं की खोटं हे कळायचं कसं? खरे हल्ले रोज थोडेच होतात? यावरची युक्ती मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त आवडते. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्न अधूनमधून विचारायचा. सराफ कसोटीच्या दगडावर सोनं घासतो तसा. अट एकच: परीक्षेचा प्रश्न आणि खरा प्रश्न दिसायला तंतोतंत सारखे हवेत. मग लबाडाची पंचाईत होते. खोटं बोलावं तर हा प्रश्न नेमका परीक्षेचा निघाला तर? कुठला प्रश्न कसोटीचा हे कळत नसेल तर सगळ्याच प्रश्नांना खरं बोलणं हाच फायद्याचा सौदा उरतो. तिकीट तपासनीस रोज येत नाही, कोणत्या दिवशी येईल हे सांगता येत नाही, म्हणून तर पास काढतात लोक.

आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे विसरणं. समजा एक यंत्रणा वर्षभर दिवसाला दहा प्रश्नांची चोख उत्तरं देत आली. मग ती शत्रूनं काबीज केली आणि सात दिवस सलग खोटी उत्तरं दिली. सगळा इतिहास सारख्याच वजनानं धरला तर सत्तर खोट्यांनंतरही तिची पत ९८ टक्के! वर्षभराच्या पुण्याईच्या आड चोर आरामात लपला. आता नियम करा की रोज जुन्या नोंदींचं वजन एक दशांशानं घटेल. सात दिवसांत जुन्या पुण्याईचं वजन निम्म्याखाली येतं, आणि त्याच यंत्रणेची पत ९८ ऐवजी ४८ टक्क्यांवर. अनोळखी माणसापेक्षाही कमी. 'यांचे आजोबा फार सज्जन होते' या शिफारशीवर उधारी देऊन बुडालेल्या पतसंस्थांना हे सूत्र भेट द्यायला हवं होतं.

हल्लेखोरही गणित जाणतात. पत गेली की जुनं नाव टाकून नव्या नावानं यायचं, किंवा एकट्यानंच शंभर नावांनी शेजारात घुसायचं आणि शंभर खोट्या साक्षी द्यायच्या. सहकारी संस्थेच्या निवडणुकीआधी रातोरात वाढणारे सभासद आठवतात ना? तोच प्रकार. म्हणून नव्याला आल्या आल्या मताचा अधिकार द्यायचा नाही, आधी उमेदवारी करायला लावायची. आणि फितूर किती चालतील याचीही मर्यादा ठाऊक आहे. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ यांनी १९८२ मध्ये सिद्ध केलं की निरोपांच्या खरेपणाचा दुसरा पुरावा नसेल तर तिघांत एक फितूर असताना उरलेल्या दोघांचं खात्रीनं एकमत होऊच शकत नाही, चौघं लागतात. दोन फितुरांना सात.

अंजूरला फितुरी, बातमी आणि पत हे शब्द नवे नाहीत. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या साष्टी-वसईची खडान्‌खडा माहिती असलेलं आणि तो मुलूख जिंकण्याच्या मोहिमेचा ध्यास घेऊन पेशव्यांपर्यंत पोचलेलं घराणं इथलंच. गंगाजी नाईक अणजूरकर आणि त्यांचे भाऊ. १७३७ मध्ये ठाण्याचा कोट मराठ्यांनी घेतला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसई पडली. पुण्यात बसून खाडीपलीकडच्या मुलखावर फौज पाठवायची तर कोणाच्या तरी शब्दावर विसंबावं लागतं, आणि तो शब्द देणाऱ्याची आधी पत लागते. गंमत अशी की पोर्तुगीजांच्या बाजूनं पाहिलं तर आपले नाईकच घुसखोर. त्यांच्या पहाऱ्यांनी एकमेकांना हाका मारल्या की नाही, हा प्रश्न लिस्बनला कोणीतरी विचारलाच असेल.

इतकं सगळं गणित तयार असताना शेजारधर्म दिसत का नाही? माझ्या मते दोष त्याच शब्दात आहे. पत. जाळ्यातल्या यंत्रणेची पत सांगण्यानं वाढते, तर बाजारातल्या बँकेला सांगितलं तर पत जाईल असं वाटतं. आमच्याकडे चोरी झाली, हे वाक्य ठेवीदारांसमोर उच्चारायला कुठल्या संचालक मंडळाची जीभ रेटेल? गणिती भाषेत, गप्प बसण्याचं बक्षीस अजून मोठं आहे. मग बाहेरून बक्षिसं बदलावी लागतात. रिझर्व्ह बँकेनं २०१६ मध्ये बँकांना सांगितलं की असामान्य सायबर घटना दोन ते सहा तासांत कळवा. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनं एप्रिल २०२२ मध्ये कंपन्यांनाही सहा तासांची मुदत घातली. त्याआधी २०१४ मध्ये हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेत बँकांनी एकमेकांना धोक्याच्या खुणा कळवण्याचं केंद्र सुरू झालंच होतं. ही पावलं योग्य आहेत, पण सक्तीनं हाक मारायला लावता येते, चांगली हाक मारायला लावता येत नाही. त्यासाठी ती वहीच लागेल: कोणी लवकर सांगितलं, कोणाचं खरं निघालं, आणि त्या बदल्यात कोणाला आधी मदत मिळाली.

तुमच्या खिशातला फोन अनोळखी नंबरला लाल पट्टी लावून 'स्पॅम' म्हणतो, तेही याच जातीचं. तुमच्या आधी कोणीतरी त्या नंबरवर भुंकलेलं असतं, स्वतःचा काही फायदा नसताना. फसवणुकीचा फोन आला, त्यात पैसे गेले, तर घरच्यांपासून लपवून, 'लोक काय म्हणतील' म्हणत गप्प बसू नका. राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक १९३० आहे. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत तो फिरवा.